खिडकीखालचं पाणी

तहान माणसाला त्याच्या खऱ्या स्वरूपाची ओळख करून देते, असं वाक्य मी तरुणपणी एका व्याख्यानात वापरलं होतं आणि त्यावर टाळ्याही घेतल्या होत्या. दोनच वर्षांनी मला माझ्या खऱ्या स्वरूपाची ओळख पटली. मिरजेतल्या एका दवाखान्यात, सकाळी साडेदहा वाजता, मी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या शेकायच्या रबरी पिशवीला तोंड लावून उभा होतो. पाणी कोमट होतं आणि त्याला सायकलच्या ट्यूबचा वास येत होता. इतकं चवदार पाणी मी त्याआधी किंवा त्यानंतर प्यायलेलो नाही.

"सावकाश, मास्तर," म्हातारा म्हणाला. "ठसका लागंल. बाईंना ऐकू जाईल."

बाई म्हणजे मार्था लोंढे, आमच्या वॉर्डाच्या सिस्टर. मला सकाळी सहापासून पाण्याचा थेंबही मिळता कामा नये, हे बघणं हे त्या दिवशीचं त्यांचं काम होतं. सहा वाजताच त्यांनी आमच्या दोन खाटांच्या खोलीतून तांब्या, पेला आणि गुळण्या करायचं भांडं उचलून नेलं होतं. एवढंच काय, खिडकीतल्या फुलदाणीतलंही पाणी ओतून टाकलं होतं. म्हाताऱ्याच्या पाठीखालची शेकायची पिशवी तेवढी राहिली.

हे सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातलं. मी तेव्हा जतच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. टंचाई म्हणजे काय, हे दुष्काळी तालुक्यातल्या मुलांना पुस्तकातून समजावून सांगायचं असं एकूण कामाचं स्वरूप होतं. आदल्या दिवाळीत राजदूत मोटरसायकलवरून पडलो, डोकं आपटलं, टाके पडले आणि आठवड्याने पुन्हा तास घ्यायला लागलो. जानेवारीत तहान सुरू झाली. साधी तहान नव्हे. दिवसाला दहा-अकरा लिटर पाणी आणि तेवढीच लघवी. आमच्या नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि बायको, शालन, दोन गल्ल्या ओलांडून माझ्यासाठी घागरी वाहायची.

गावच्या डॉक्टरांनी तीनदा साखर तपासली. साखर नव्हती. तेव्हा त्यांनी हे मनाचं आहे असं सांगितलं आणि मन रमवायला सांगितलं. मी मन रमवायला सासुरवाडीला गेलो. सासरे तिथले सरपंच, टँकरच्या पाण्याची यादी त्यांच्याच हातात. घरटी चार घागरी असा नियम होता. माझ्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ओसरीवर बसवलं आणि शांतपणे विचारलं, "जावईबापू, तुम्ही आल्यापासून दोन घरांचं पाणी प्यायलात. गावाला मी काय सांगू?"

त्यांनी शालनला ठेवून घेतलं. भांडण वगैरे काही नाही. शरीराचा रोग आहे असा एखाद्या मोठ्या डॉक्टरचा कागद आणा, पोरगी त्याच दिवशी पाठवतो, म्हणाले. पण वेडाचं निघालं तर मात्र पुढचं आम्हाला बघावं लागेल. शालन दाराआड उभी होती. तिने माझ्या पिशवीत एक पाण्याची बाटली ठेवली. ती एसटी सुटायच्या आतच संपली.

मिरजेत डॉक्टर हुद्दार दर महिन्याला पुण्याहून यायचे. त्यांनी राजदूतची हकीकत ऐकली आणि प्रथमच कुणीतरी माझ्याकडे माणसासारखं पाहिलं. मेंदूच्या बुडाला वाटाण्याएवढी ग्रंथी असते, म्हणाले. तिच्यातून निघणारा रस मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगतो. तो रस बंद पडला असेल तर तुम्ही म्हणजे भोक पडलेली घागर. तसं आहे की नुसती मनाची खोड आहे, हे ओळखायची एकच चाचणी होती. पाणी तोडायचं. मनाची खोड असेल तर काही तासांत लघवी कमी आणि घट्ट होते. ग्रंथीचा दोष असेल तर माणूस वाळत जातो, तरी लघवी पाण्यासारखीच होत राहते. मग त्या रसासारखं औषध नाकात घालायचं आणि फरक पडतो का बघायचं. औषधाची एकुलती एक बाटली मुंबईहून बर्फाच्या थर्मासमधून आली होती आणि लोंढेसिस्टरनी ती फ्रिजमध्ये ठेवून फ्रिजची किल्ली स्वतःच्या कमरेला लावली होती.

शनिवारी चाचणी ठरली. डॉक्टर रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होते आणि सासरे रविवारी चार वाजता कागद बघायला येणार होते.

शेजारच्या खाटेवर तातोबा होता. सत्तरीचा, दम्याचा पेशंट. धंद्याने पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालायचा. जमिनीत पाणी असेल तिथे नारळ आपोआप उभा राहतो, असं त्याचं म्हणणं. दोनशे दहा विहिरी दाखवल्या होत्या. त्यांतल्या किती लागल्या हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. या विद्येला एक नेम होता. कुणी पाणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. एकदा जरी नाही म्हटलं तरी नारळ पुन्हा उभा राहायचा नाही. त्यामुळे साडेदहा वाजता मी त्याच्याकडे नुसतं पाहून "तातोबा, पाणी" म्हटलं, तेव्हा त्याने इकडेतिकडे बघितलं आणि पाठीखालून पिशवी काढली.

अकरा वाजता सिस्टर वजनकाटा घेऊन आल्या. सहा वाजता माझं वजन अठ्ठावन्न किलो चारशे होतं, दहा वाजता छप्पन्न आठशे. आता ते सत्तावन्न दोनशे भरलं. सिस्टरनी काट्याचे वजनाचे ठोकळे मागेपुढे सरकवून बघितले. मग काटा बिघडला की काय ते पाहायला वॉर्डातल्या मालनमावशीला त्यावर उभं केलं. काटा बरोबर होता. मालनमावशीला ते आवडलं नाही.

"प्रोफेसर," सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या तालुक्यात हवा पिऊन वजन वाढत असेल तर सरकारला कळवा. टँकर बंद करता येतील."

मग त्या तातोबाच्या खाटेपाशी गेल्या आणि दोन बोटांनी रबरी पिशवी उचलली. ती शिळ्या भाकरीसारखी चपटी लोंबत होती. तातोबाने आपण होऊनच सगळं सांगून टाकलं, नेमासकट, आणि त्याच्या आवाजात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. सिस्टर तक्त्यात लिहायला लागल्या. मी त्यांना लिहू नका म्हणून विनवलं. सासरे येणार आहेत, बायको जाईल, असं सगळं एका दमात बोललो. त्यांनी लिहिणं पूर्ण केलं, वेळ टाकली, सही केली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"तक्त्यात जे झालं तेच लिहितात," त्या म्हणाल्या. "तुमची बायको गेली तरी, आणि माझी नोकरी गेली तरी."

दुपारी डॉक्टरांनी तक्ता वाचला. आठशे मिली, गरम पाण्याच्या पिशवीतून, अंदाजे. ते रागावले नाहीत. अशा चोऱ्या मनाचे रोगीच जास्त करतात, एवढंच म्हणाले. आता चाचणी बाद झाली, तेव्हा कागदावर मानसिक असण्याची शक्यता असंच लिहावं लागेल. सिस्टर म्हणाल्या की आज याला हवं तेवढं पाणी पिऊ द्या, उद्या पुन्हा करू. उद्या हा पिणार नाही याची हमी कोण देणार, असं डॉक्टरांनी विचारलं.

"मी."

"उद्या रविवार आहे, सिस्टर. तुमची सुट्टी. चर्च."

"माझा वॉर्ड कुठे आहे ते देवाला ठाऊक आहे," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टर गेल्यावर मी सुचवलं की तातोबाला दुसरीकडे हलवा. मी मागितलं की तो देणार आणि मी मागणार नाही असं वचन देण्याच्या अवस्थेत मी नव्हतो. पण वॉर्डात जुलाब-उलट्यांचे पेशंट जमिनीवरसुद्धा झोपलेले होते. सिस्टर मग तातोबासमोर स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या की दवाखान्याच्या विहिरीने तळ गाठलाय. कुठे पाणी आहे ते उद्या सकाळी आवारात फिरून बघता का? स्वयंपाकघरातून नारळ मिळेल.

तातोबा बारा दिवस खाटेवर पडून खोकत होता. तो उठून बसला. धोतर सारखं केलं. "बाई, हितं मला समद्यांनी पेशंट म्हणूनच बघितलं," तो म्हणाला. "कामाला आज तुम्हीच बोलावलं."

दवाखाना मिशनचा होता. नारळ फिरवण्याची बातमी सुपरिंटेंडंटांच्या कानावर गेली आणि त्यांनी सिस्टरना बोलावून घेतलं. तिथे सिस्टर म्हणे एवढंच बोलल्या की पावसासाठी आपली प्रार्थना चालूच आहे, तिच्या आड हे येत नाही. मी त्यांचं अभिनंदन केलं, म्हाताऱ्याला खोलीबाहेर घालवायची युक्ती फार झकास काढलीत म्हणून. त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं.

"विहीर खरंच आटली आहे, प्रोफेसर."

रविवारी सहा वाजता पुन्हा वजन झालं. अठ्ठावन्न तीनशे. तातोबा आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून, नारळ घेऊन बाहेर पडला. सिस्टर दारात लोखंडी स्टूल टाकून बसल्या. दर तासाला त्या माझं वजन करत, नाडी आणि रक्तदाब बघत, जीभ बाहेर काढायला लावत, लघवी मोजून काचेच्या नळीत तिचा दाटपणा बघत आणि लिहून ठेवत. मोजून झालं की मालनमावशी भांडं उचलून न्यायची. लघवी तासाला चारशे मिली, नितळ, नळाच्या पाण्यालाही कॉम्प्लेक्स यावा अशी.

आठ वाजता माझी जीभ टाळूला चिकटायला लागली. लक्ष दुसरीकडे जावं म्हणून सिस्टरनी विचारलं की तुम्ही शिकवता काय. मी घटत्या उपयोगितेचा सिद्धांत सांगायला घेतला. तहानलेल्या माणसाला पहिला पेला अमृतासारखा वाटतो, दुसरा त्याहून थोडा कमी, तिसरा आणखी कमी. सगळ्या पुस्तकांत उदाहरण पाण्याचंच असतं. मी पहिल्या पेल्याच्या पुढे जाऊ शकलो नाही. सिस्टर म्हणाल्या की राहू द्या, विषय बदलू. पण आम्हा दोघांनाही दुसरा विषय सुचला नाही.

दहा वाजता मालनमावशी त्यांच्यासाठी चहा घेऊन आली. त्यांनी मान हलवली. ती कपबशी तशीच घेऊन गेली. अकरा वाजता पुन्हा आणला, पुन्हा परत गेला. मला वाटलं, चहा गार झाला असेल.

खिडकीतून तातोबा दिसायचा. अनवाणी, एक हात पुढे, हातावर नारळ, मागे वॉचमन आणि चालता येणारे तीन-चार पेशंट. दर पन्नास पावलांवर तो धाप लागून थांबायचा. मी खिडकीचे गज धरून त्याच्याकडे बघत होतो असं म्हणणं खोटं ठरेल. मी नारळाकडे बघत होतो. आत पाणी असणारी तेवढी एकच वस्तू माझ्या नजरेच्या टप्प्यात होती.

साडेबारा वाजता मला भोवळ यायला लागली. वजन पंचावन्न सातशे. अडीच किलोच्या वर गेलं होतं आणि तीनला थांबायचं ठरलं होतं. नेमका तेव्हाच तातोबा आमच्या खिडकीखाली आला आणि थांबला. भिंतीपासून चार पावलांवर. त्याच्या तळहातावरचा नारळ डुलला आणि हळूहळू उभा राहिला. मागच्या पेशंटांनी श्वास रोखला, त्यातले दोघे तर दम्याचेच होते.

"बाई, हाय पानी," तातोबा म्हणाला. "चाळीस हातांवर. गोडं."

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझे ओठ फुटले होते. त्याने नारळ माझ्या बाजूला थोडा पुढे धरला आणि गप्प उभा राहिला. त्याला आपण होऊन द्यायची परवानगी नव्हती आणि मागितलं तर नाही म्हणायची सोय नव्हती. मला फक्त तोंड उघडायचं होतं. तो पायरीवर नारळ आपटणार, गजातून अर्धी कवटी आत देणार, हे सगळं मला दिसत होतं. साडेतीन तासांनी येणारे सासरेही दिसत होते, पण खूप लांब, आणि शालनचा चेहरा मला काही केल्या आठवेना.

सिस्टर स्टुलावरून उठल्या नाहीत. "मागायचं तर मागा, प्रोफेसर," त्या म्हणाल्या. "मी अडवणार नाही. फक्त लिहीन."

त्यांचे ओठही सुकलेले होते. ते मी पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लावण्याइतकं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"तातोबा," मी म्हणालो. जीभ उचलायला वेळ लागला. "त्या जागी खूण कर."

तातोबाने नारळ काखेत मारला आणि टाचेने मातीत फुली काढली.

दीड वाजता वजन तीन किलोने उतरलं. लघवी तेवढीच, तितकीच नितळ. डॉक्टरांनी आकडे वाचले आणि मान डोलावली. सिस्टरनी किल्लीने फ्रिज उघडला, बारीक नळीत औषधाचे थेंब मोजून घेतले, नळीचं एक टोक माझ्या नाकात धरलं आणि दुसऱ्या टोकाने हलकेच फुंकलं. मग त्यांनी पाणी दिलं. एक पेला, मोजून. पुस्तकातलं पहिल्या पेल्याबद्दलचं विधान बरोबर आहे.

तीन वाजता काचेच्या भांड्यात साठ मिली होती. पिवळी. सिस्टरनी ती खिडकीच्या उजेडात धरली, एखादी गृहिणी पाक तयार झालाय का बघते तशी, आणि पहिल्यांदा हसल्या.

सासरे चारला आले. डॉक्टरांनी कागद दिला, तो त्यांनी दोनदा वाचला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. सिस्टरनी सकाळचं राखून ठेवलेलं आणि दुपारचं अशी दोन भांडी त्यांच्यासमोर ठेवली. सरपंच माणूस, पाण्याची बाब त्यांना चटकन कळली. "म्हणजे गळती होती," ते म्हणाले. "मग आधीच सांगायचं की, जावईबापू. गळतीला माणूस काय करणार." शालनला त्यांनी गाडीतच बसवून आणलं होतं. कागद चांगला निघाला तर खाली उतरवायची म्हणून.

पुढचे पाच दिवस सिस्टरनी शालनला शिकवलं. थेंब कसे मोजायचे, सर्दी झाली तर नाकातलं औषध नीट चढत नाही, रोज सकाळी वजन, पाणी आणि लघवी वहीत मांडायची. मला सवयीने तांब्या तोंडाला लावताना पाहून त्यांनी तो हातातून काढून घेतला. आता औषध पाणी धरून ठेवतंय, म्हणाल्या, पहिल्यासारखं ढोसलंत तर मेंदूला सूज येईल. डोकं दुखलं, मळमळलं, गुंगी आली तर पाणी बंद करायचं आणि थेट इकडे निघून यायचं. आमच्याकडे फ्रिज नव्हता. त्यावर त्यांनी ओल्या वाळूत पुरलेला माठ आणि त्याच्या आत घट्ट झाकणाची बरणी असा तोडगा काढला. पुढे तीन वर्षं आमच्या घरात जो सगळ्यात थंड माठ होता त्यात पाणी नव्हतं.

निघताना मी सिस्टरना विचारलं, रविवारी चहा का घेतला नाही. ड्यूटीवर पेशंटसमोर घोट घेत बसणं बरं दिसत नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, पण पाणी? त्या दुसऱ्या पेशंटचा तक्ता बघायला लागल्या.

तातोबा अकरा वर्षांनी गेला. जतच्या बाजाराला आला की घरी यायचा, शालनकडून चहा घ्यायचा आणि विहिरींची संख्या सांगायचा. दोनशे अकरा. ती पुढे वाढली नाही, मिरजेची शेवटचीच. मी त्याच्या वाडीला भेटायला गेलो तेव्हा देवघराशेजारी भिंतीवर काचेच्या चौकटीत एक पोस्टकार्ड होतं. अक्षर मी लगेच ओळखलं. माझ्या वजनाचे आकडे त्याच अक्षरात लिहिलेले होते. "तातोबा यांस. तुम्ही दाखवलेल्या जागी बोअर मारली. चाळीस हातांवर पाणी लागलं. गोडं आहे. वॉर्डातले सगळे पेशंट तेच पितात. मार्था लोंढे." मुलगा म्हणाला, आबा येईल त्याला दाखवायचे. दोनशे दहा लोकांनी कधी कळवलं नाही, बाईंनी कळवलं, असं म्हणायचे.

पुढच्या महिन्यात तपासणीसाठी मिरजेला गेलो. लोंढेसिस्टर निवृत्त होऊन नगरकडे भाचीजवळ राहायला गेल्या होत्या. मी मुद्दाम आमच्या जुन्या खिडकीखाली गेलो. तिथे सायकल स्टँड होता. ऑफिसातला क्लार्क म्हणाला, तिथली बोअर ना, सिस्टरनीच हट्टाने मारायला लावली होती. तीनशे वीस फूट खाली गेली आणि नुसती भुकटी निघाली. त्याच आठवड्यात बुजवली.

मालनमावशी अजून नोकरीत होती. तिने मला ओळखलं, काटाही आठवला. मी म्हटलं, मावशी, पाणी नव्हतं तर मग म्हाताऱ्याचा पाय नेमका तिथेच कसा थांबला असेल?

"जागा ओली होती ना ती," मालनमावशी म्हणाली. "वॉर्डातली मोरी तुंबली होती त्या आठवड्यात. तुमची भांडी मोजून झाली की मी तिथंच ओतत होते."